बीटीएसचा 'मॅप ऑफ द सोल : ७' : दडलेले अर्थ आणि ताणलेले अर्थ

हंगुलवेडी

गप्पांच्या पानावर बीटीएस या सात जणांच्या कोरियन गायकगटाच्या या अल्बमचे अर्थ लावता लावता गाडी पार इल्युमिनाटी या कथित गुप्त संघटनेपर्यंत गेली, म्हणून हा वेगळा धागा. अट एकच. जो अर्थ सांगाल तो कशातून काढला तेही लिहा: कोरियन शब्दातून, संगीतातून, गाण्यांच्या क्रमातून, व्हिडिओतल्या एखाद्या दृश्यातून, की नुसतंच वाटलं म्हणून. वाटलं म्हणून असेल तरी चालेल, फक्त तसं सांगा.

सुरुवात मुद्दाम व्हिडिओपासून करत नाही. व्हिडिओत सेट असतो, कपडे असतात, दिग्दर्शकाची हौस असते. त्यातली प्रत्येक मेणबत्ती अर्थपूर्ण धरली तर काहीही सिद्ध करता येतं. आधी गाण्यांची यादी समोर घ्या.

याच मालिकेतला आधीचा अल्बम 'पर्सोना' आला १२ एप्रिल २०१९ ला, सात गाण्यांचा. '७' आला २१ फेब्रुवारी २०२० ला. त्यात 'पर्सोना'मधली पाच गाणी सुरुवातीला जशीच्या तशी आहेत. 'मिक्रोकॉस्मोस' आणि 'होम' गाळली आहेत. सीडीवर एकूण १९ गाणी. सिया या गायिकेच्या आवाजासह 'ऑन' हे विसावं गाणं फक्त डिजिटल आवृत्तीत आहे. या १९ गाण्यांना तीन खांब आहेत: पहिलं 'इंट्रो : पर्सोना', सहावं 'इंटरल्यूड : शॅडो' आणि एकोणिसावं 'आउट्रो : इगो'.

आता या तीन खांबांच्या पायात काय पुरलंय ते बघा. 'पर्सोना'मध्ये 'स्कूल लव्ह अफेअर' या त्यांच्याच जुन्या अल्बमच्या इंट्रोचा तुकडा आहे, फेब्रुवारी २०१४ चा. 'शॅडो'मध्ये 'ओ! आर यू लेट, टू?'च्या इंट्रोचा, सप्टेंबर २०१३ चा. 'इगो'मध्ये 'टू कूल फॉर स्कूल'च्या इंट्रोचा, म्हणजे जून २०१३, थेट पदार्पण. अल्बम पुढे सरकतो तसे हे तुकडे मागे मागे जातात. शाळेच्या तीन अल्बमांची मालिका इथे उलट्या क्रमाने लावली आहे. एखादा तुकडा असता तर आठवण म्हणून सोडून दिला असता. तीन खांबांना तीन इंट्रो, तेही बरोबर उलटे, हे ठरवून केलेलं आहे.

ऐकून पडताळायचं असेल तर हेडफोन लावा, आधी जुना इंट्रो पूर्ण ऐका आणि लगेच नवं गाणं सुरू करा. उलट केलंत तर कान नव्या ठेक्यात अडकतो आणि खाली दबलेला जुना तुकडा निसटतो. 'इगो'त तो सुरुवातीलाच उघडा ठेवलाय, तिथे कुणालाही कळेल. 'पर्सोना'त तो सबंध गाण्याचा पाया झालाय.

आंबटगोड

क्रम उलटा आहे हे मान्य. पण त्याचा अर्थ काय? पदार्पणाला सात वर्षं होत आली, सात जण आहेत, जुन्या चाहत्यांचे डोळे पाणावतील अशी सोय केली. याला नॉस्टॅल्जिया म्हणतात. 'दडलेला अर्थ' हा शब्द जरा जपून वापरू या.

हंगुलवेडी

@आंबटगोड, आठवणच काढायची असती तर शीर्षकात बदल कशाला केला असता? 'स्कूल लव्ह अफेअर'चं मुख्य गाणं 'बॉय इन लव्ह', कोरियन नाव 'सांगनामजा', म्हणजे अगदी मर्दानी गडी. 'पर्सोना'चं मुख्य गाणं 'बॉय विथ लव्ह', कोरियन नाव 'जागुन गत्तुरुल विहान शी', म्हणजे छोट्या छोट्या गोष्टींसाठी कविता. पाच वर्षांनी तोच मुलगा, पण छाती फुगवायचं सोडून त्याने समोरच्या माणसाकडे बघायला सुरुवात केली. इंग्रजी नावात एक शब्द बदलतो, कोरियन नावात आख्खा माणूस बदलतो. आणि हे गाणं ज्या अल्बमला उत्तर देतं, त्याच अल्बमचा तुकडा 'पर्सोना'च्या इंट्रोत आहे.

आंबटगोड

हे पटलं. पुढे चला.

युंगोबा

मानसशास्त्राची बाजू मांडतो, कारण तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

अल्बमचं नाव मरे स्टाइन यांच्या १९९८ च्या 'युंग्ज मॅप ऑफ द सोल' या पुस्तकावरून घेतलंय. स्टाइन हे कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या प्रणालीचे विश्लेषक. त्यांनी नंतर एका पॉडकास्टवर या अल्बमविषयी बोलून आपली बाजूही मांडली. त्या पुस्तकाचा क्रम लक्षात घ्या: सुरुवात इगोपासून, म्हणजे मनाच्या पृष्ठभागापासून. पर्सोना आणि शॅडो दोन्ही मिळून पाचव्या प्रकरणात, एकत्र. मग अॅनिमा-अॅनिमस, म्हणजे पुरुषाच्या मनातली स्त्री आणि स्त्रीच्या मनातला पुरुष, आणि त्यानंतर सेल्फ, म्हणजे सगळ्या मनाचं केंद्र.

अल्बम पर्सोनापासून निघतो, शॅडोतून जातो आणि इगोपाशी थांबतो. पुस्तक जिथून सुरू होतं तिथे अल्बम संपतो. वर तुकड्यांबद्दल लिहिलंय तेच इथेही घडतंय, हे मला तो मुद्दा वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. अॅनिमाही गाळलाय आणि सेल्फही, त्यामुळे 'या अल्बममध्ये युंगचा संपूर्ण नकाशा आहे' हे विधान चूक. नकाशाचा वरचा थर आहे. खोल पाण्यात तो उतरत नाही.

आता पर्सोना. मराठीत आपण 'मुखवटा' म्हणतो आणि लगेच ढोंगाचा वास येतो, 'मुखवटा गळून पडला' वगैरे. युंगला तसं म्हणायचं नाही. पर्सोना म्हणजे चारचौघांत वावरायला लागणारा चेहरा. तो नसेल तर माणूस लोकांत उभाच राहू शकणार नाही. त्यापेक्षा गौरीचा मुखवटा आठवा. स्टँडवर मुखवटा चढतो तेव्हाच गौर घरात येते, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. अडचण कधी होते? माणूस त्या चेहऱ्यालाच 'मी' समजू लागतो तेव्हा. 'इंट्रो : पर्सोना'त बीटीएसमधला आरएम स्वतःला 'मी कोण' हे विचारत सुटतो ते याच भीतीने.

शॅडो म्हणजेही खलनायक नव्हे. आपण स्वतःचं म्हणून कबूल करत नाही ते सगळं शॅडोत जातं, त्यात महत्त्वाकांक्षाही येते. बीटीएसमधल्याच शुगाचं 'शॅडो' ऐका. स्टार व्हायचंय, श्रीमंत व्हायचंय, सगळ्यांच्या वर जायचंय अशी मागण्यांची यादी आहे, आणि मग उंचावर पोचल्यावर खाली पडलेली आपलीच सावली लांब झालेली दिसते. जितका उजेड जास्त तितकी सावली गडद, इतकं साधं भौतिकशास्त्र आहे त्यात.

पैठणीवाली_आर्मी

गौरीच्या मुखवट्याला +१००. आईला आत्ता हे वाचून दाखवलं.

चित्रगुप्ता

युंग अचानक २०१९ मध्ये आला असं समजू नका. बीटीएसचा १० ऑक्टोबर २०१६ चा अल्बम 'विंग्ज' बघा. तो हेरमान हेसेच्या 'डेमियान' या १९१९ च्या कादंबरीवर उभा आहे. हेसेने ती आधी एमिल सिंक्लेअर या टोपणनावाने छापली, सिंक्लेअर हे कादंबरीतल्याच नायकाचं नाव. अंड्यातून बाहेर पडणारा पक्षी आणि अब्राक्सास हा देव तिथलेच. अब्राक्सासमध्ये देव आणि सैतान एकत्र असतात, म्हणजे उजेड आणि सावली.

ही कादंबरी लिहिण्यापूर्वी हेसेने मनोविश्लेषणाचे उपचार घेतले होते, ते योझेफ लांग या युंगच्या शिष्याकडे. आणि १९१६ मध्ये युंगने जे 'मृतांना सात प्रवचनं' लिहिलं त्यातही अब्राक्सास आहे. म्हणजे 'विंग्ज'मधून 'मॅप ऑफ द सोल'कडे जायला आधीपासून पूल होता.

चित्रांबद्दल एक पद्धत सांगते, नवीन अल्बमलाही लागू पडेल. व्हिडिओतलं चित्र 'कुठलंसं जुनं युरोपियन' म्हणून सोडू नका. व्हिडिओ सर्वांत जास्त रेझोल्यूशनवर लावा आणि वेग पाव करा. कॅमेरा स्थिर होतो त्या क्षणाचा स्क्रीनशॉट घ्या, माणसं कापून फक्त चित्राचा भाग ठेवा आणि तो इमेज सर्चला द्या. माणसाचा चेहरा राहिला तर सर्च तुम्हाला शंभर फॅन पेजेस दाखवेल, चित्र दाखवणार नाही. काही सापडलं नाही तर स्क्रीनशॉट आडवा उलटा करून पुन्हा द्या, कारण आरशातलं दृश्य असेल तर डावं-उजवं बदललेलं असतं.

'विंग्ज'मधल्या 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स'च्या व्हिडिओत असंच पीटर ब्रॉयगलचं 'बंडखोर देवदूतांचं पतन' सापडतं, १५६२ चं, मूळ चित्र ब्रसेल्सला आहे. हर्बर्ट ड्रेपरचं १८९८ चं 'इकॅरससाठी विलाप'ही. दोन्ही चित्रांत पंख आहेत आणि दोन्ही पडण्याची आहेत. अल्बमचं नाव 'पंख' आणि भिंतीवर पडलेले पंखवाले. इथे अर्थ ताणावा लागत नाही. शुगा ऑर्गन वाजवतो त्याचाही संबंध 'डेमियान'शी आहे. कादंबरीत पिस्टोरियस हे पात्र ऑर्गनवर बुक्स्टेहुड या संगीतकाराची पासाकाल्या ही रचना वाजवतं.

आंबटगोड

'सात' प्रवचनं! आता कुणीतरी म्हणणार की '७' हे नाव तिथूनच आलं.

चित्रगुप्ता

तेच टाळायचंय. :) अब्राक्सासचा धागा खरा, सातचा योगायोग.

तबलातरंग

सातच्या नादात काय काय होतं ते एकदाच मांडतो, मग तो विषय मिटवू. 'ब्लॅक स्वान' सातव्या क्रमांकावर आहे. १९ मधून जुनी ५ वजा केली की १४ राहतात, म्हणजे सात दुणे चौदा. वा! पण सियाचं डिजिटल गाणं धरलं की नवी १५ होतात आणि सगळा डोलारा कोसळतो. जो हिशेब सीडीवर जमतो आणि स्ट्रीमिंगवर मोडतो, त्याला पुरावा म्हणू नका.

खरा सात दुसरीकडे आहे. एकल गाणी मोजा: पर्सोना (आरएम), शॅडो (शुगा), फिल्टर (जिमिन), माय टाइम (जंगकुक), इनर चाइल्ड (व्ही), मून (जिन), इगो (जे-होप). बरोबर सात, कुणाचंही दुसरं नाही, कुणाचं राहिलेलंही नाही. शिवाय वाटणी बघा. युंगचे तीन खांब तिघा रॅपर्सकडे दिलेत आणि चौघा गायकांची गाणी शॅडो ते इगोच्या मधल्या टप्प्यात आहेत. मुखवटा, सावली, अहं या मोठ्या संकल्पनांची चौकट रॅपर्सनी धरली आहे. जिमिन किती मुखवटे बदलतो, जंगकुकचं घड्याळ इतरांपेक्षा वेगळं का चालतं, व्ही आपल्या लहानपणाशी काय बोलतो, हे प्रत्यक्ष जगणं गायकांनी भरलंय. 'विंग्ज'मध्येही सात जणांची सात एकल गाणी होती, पण तिथे ती अशी चौकटीत बसवलेली नव्हती.

हंगुलवेडी

@तबलातरंग, पूर्ण सहमत. आता भाषेची बाजू, जिथे इंग्रजी भाषांतरावर विसंबणारे हमखास घसरतात.

'माय टाइम'चं कोरियन नाव 'शिचा'. शी म्हणजे वेळ, चा म्हणजे फरक. दोन देशांच्या घड्याळांतला फरक, ज्याने जेट लॅग होतो तो. जंगकुक पदार्पणाच्या वेळी १५ वर्षांचा होता. बरोबरीची मुलं शाळेत असताना हा स्टेजवर. त्याचं आणि त्याच्या वयाचं घड्याळ जुळत नाही, हे 'शिचा'त एका शब्दात येतं. 'माय टाइम' वाचलं की उलटाच समज होतो, 'आता माझी वेळ आली' असा.

'डायोनायसस'मध्ये श्लेष आहे. कोरियनमध्ये 'सुल' म्हणजे दारू, 'येसुल' म्हणजे कला. कलेच्या पोटातच दारू बसलीय. गाणं म्हणतं, कलाही दारूच की, प्यायली तर चढणारच. भाषांतरात हा विनोद मरतो आणि उरतं ते 'दारूचं गाणं'. नाटक आणि मद्य या दोन्हींचा ग्रीक देव डायोनायसस, त्याचंच नाव का, ते या श्लेषाशिवाय कळत नाही.

'अग्!' या इंग्रजी उद्गाराचं कोरियन नाव 'उक', डोक्यात सणक जाते तो क्षण. रागाबद्दलचं गाणं आहेच, पण राग कुठला खरा आणि कुठला नुसता दुसऱ्यावर ओतलेला, असा त्यात भेद केलाय.

आता सापळा. 'छोट्या गोष्टींसाठी कविता' यातला 'शी' म्हणजे कविता आणि 'शिचा'तला 'शी' म्हणजे वेळ. हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, अक्षर एकच, पण मूळ चिनी अक्षरं निराळी. 'शून्य वाजले'ला कोरियनमध्ये 'यॉंगशी' म्हणतात, तिथेही वेळेचाच 'शी'. म्हणून 'शिचा' आणि '००:००' ही याच अल्बममधली गाणी जोडलीत तर चालेल, दोन्हीकडे वेळ आहे. कविता त्यात ओढू नका. शंका आली की शब्दकोशात शब्दापुढे दिलेली हांजा, म्हणजे चिनी अक्षरं, बघा. कोरियन शब्दकोशात ती दिलेली असतात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

नवखा_बोरा

धागा भारी. माझ्यासारख्या नवख्याने नवा अल्बम आला की कुठून सुरू करायचं? कोरियन अक्षरंसुद्धा येत नाहीत.

हंगुलवेडी

@नवखा_बोरा, अक्षरं एका शनिवार-रविवारात येतात, चोवीसच मूळ अक्षरं आहेत आणि देवनागरीवाल्याला जोडाक्षरांची सवय असतेच. अर्थ नंतर, आधी वाचता येऊ दे.

पहिल्या दिवशी फक्त ऐका, अर्थ लावू नका. मग मेलॉनसारख्या कोरियन साइटवर गाण्याची माहिती उघडा. तिथे तीन रकाने दिसतील: जाक्सा (शब्द), जाक्कोक (संगीत), प्यॉन्गोक (संयोजन). शब्द गायकाचे स्वतःचे आहेत की नाहीत हे तिथे कळतं. जे त्याने लिहिलेलंच नाही त्यावर 'हे त्याच्या मनातलं' म्हणून तीन परिच्छेद लिहायचे नाहीत. जुन्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर त्या गाण्याच्या संगीतकारांची नावं इथे डोकावू शकतात. कानाला आलेला संशय नावांवरून पडताळता येतो.

मग कोरियन शब्द आणि किमान दोन निरनिराळ्या माणसांची भाषांतरं समोरासमोर ठेवा. जिथे ती जुळत नाहीत तिथे खूण करा. तिथेच मूळ ओळ संदिग्ध असते आणि बोलण्यासारखं बहुतेक तिथेच सापडतं. मशीनचं भाषांतर तिसरं म्हणून ठेवा, पहिलं कधीच नको. कोरियन वाक्यात कर्ता बहुतेक वेळा नसतोच. मशीन तिथे आपल्या मनाने 'तो' किंवा 'ती' घालतं आणि लोक त्या 'ती'वर प्रेमकथा रचतात.

मराठीत आणायचं असेल तर एका ठिकाणी सोपं आणि एका ठिकाणी अवघड. सोपं हे की कोरियनचं बानमल (सलगीची बोली) आणि जॉन्देन्मल (आदराची बोली) आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'वर बरेचसे बसतात, इंग्रजीत तो फरक पुसला जातो. वाक्याच्या शेवटी येणारं 'जाना' म्हणजे आपलं 'ना' किंवा 'की', 'तुला माहितीये की'मधलं. अवघड हे की आपल्या क्रियापदाला लिंग आहे. कोरियन ओळ 'गेलो' आणि 'गेले' दोन्ही असते, आपल्याला एक निवडावंच लागतं. निवडलंत की खाली टीप द्या.

तबलातरंग

'ऑन' आणि 'एन.ओ.'बद्दल कुणीच काही लिहिलं नाही? अक्षरं उलटी केली की एकाचं दुसरं होतं, हे सगळ्यांना दिसतं, पण तेवढ्यावर ते नुसतं शब्दकोडं राहतं. शब्द बघा. २०१३ चं 'एन.ओ.' म्हणजे आईबापांनी आणि शाळेने बांधलेल्या पिंजऱ्याला नकार. 'ऑन'मध्येही तुरुंग आहे, पण तो सुंदर आहे आणि त्यात आपण स्वतःच्या पायांनी चालत आलोय असं गाणं म्हणतं. दुखणं नाकारलेलं नाही, ये म्हणून बोलावलंय. अक्षरांबरोबर पिंजऱ्याची बाजूही उलटली. आणि 'एन.ओ.' हे 'ओ! आर यू लेट, टू?'चं मुख्य गाणं, ज्याच्या इंट्रोचा तुकडा 'शॅडो'त आहे. एका अल्बमला दोनदा हात घातलाय.

वाद्यमेळाकडेही लक्ष द्या. 'ऑन'च्या पहिल्या फिल्ममध्ये ब्लू डेव्हिल्स या अमेरिकन मार्चिंग बँडचे ताशेवाले आहेत. मार्चिंग बँडचा ठेका शिस्तीचा, कवायतीचा. स्वतःहून निवडलेल्या तुरुंगाला याहून चोख ताल कुठला असणार? आपल्याकडच्या ढोलपथकातल्यांना ते लगेच कळेल. हातावर फोड येतात आणि तरी पुढच्या वर्षी नाव नोंदवायला तीच माणसं येतात.

आंबटगोड

मग 'ऑन'च्या दुसऱ्या व्हिडिओतली नोहाची नौका, काटे, शंख हे सगळं?

चित्रगुप्ता

काट्यांनी बांधलेले हात सुटतात, ते वरच्या तुरुंगाशी जुळतं, घ्या. नौका बायबलमधली आहे हे उघड, पण शब्दांत पूर कुठेच नाही. तिला 'शक्य' या रकान्यात टाका. शंखाबद्दल लोकांनी जे लिहिलंय त्यातलं निम्मं शंख नसता तरी चाललं असतं.

त्यापेक्षा 'ब्लॅक स्वान'ची आर्ट फिल्म बघा, १७ जानेवारी २०२० ची. स्लोव्हेनियाच्या एमएन डान्स कंपनीने ती नाचली आहे, बीटीएस त्यात नाहीतच. सुरुवातीला नर्तिका मार्था ग्रॅहम यांचं वचन येतं: नर्तक दोनदा मरतो, नाचणं थांबतं तो पहिला मृत्यू आणि तोच जास्त वेदनेचा. गाण्याचे शब्दही तेच सांगतात, संगीत ऐकून छाती धडधडेनाशी झाली तर? इथे कोडं नाहीच, पहिल्याच दृश्यात किल्ली हातात दिलीय. तरी लोक हंसाची पिसं मोजत बसतात.

युंगोबा

+१. आणि भीतीचं हे गाणं 'शॅडो'च्या लगेच पाठोपाठ ठेवलंय, सावलीत पहिलं काय दिसलं त्याचं उत्तर म्हणून. क्रमाचा पुरावा.

पैठणीवाली_आर्मी

'मून' मराठीत करायला घेतलंय आणि अडकलेय. जिन म्हणतो, तू माझी पृथ्वी, मी तुझा फक्त एक चंद्र. आपल्याकडे चंद्र तो आणि पृथ्वी ती. ओळ लिहिली की आपोआप नवरा-बायको होतात! कोरियनमध्ये तसं काहीच नाहीये ना?

हंगुलवेडी

नाही, 'दाल' आणि 'जिगू' दोन्हींना लिंग नाही. हे चाहत्यांसाठीचं गाणं म्हणून धरलं जातं, म्हणजे पृथ्वी कुणा एकीची नाही. पृथ्वीच्या जागी 'जग' घालून बघ, नपुंसकलिंगी आहे. 'तू माझं जग.'

पैठणीवाली_आर्मी

पण मग चंद्र जगाभोवती कसा फिरणार? फिरणं गेलं तर गाणंच गेलं.

आंबटगोड

'चांदोबा' करा. लिंग राहील पण नवरेपणा जाईल.

तबलातरंग

चांदोबा म्हटलं की गाणं थेट पाळण्याशी जाऊन बसेल. पृथ्वीच ठेव आणि क्रियापदं वर्तमानकाळात 'फिरतो'ऐवजी 'फिरत राहायचं' अशी कर. निदान चंद्राचं लिंग तरी क्रियापदातून निघेल.

पैठणीवाली_आर्मी

'तुझ्याभोवती फिरत राहायचं, एवढंच.' बसलं! दुसरं कडवं करून टाकते इथेच.